पहिले शिक्षक, शेवटचा बाक

कॅथलिक प्राथमिक शाळेच्या माहितीपुस्तिकेत एक वाक्य हमखास सापडतं: पालक हेच मुलांचे पहिले शिक्षक. प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापिका ते वाचून दाखवतात, फादर भाषणात त्याचा दाखला देतात, आणि मग वर्षभर पालकांशी सगळा व्यवहार ‘कळविण्यात येते की’च्या भाषेत चालतो. सुट्टी कळवली जाते, गणवेशातला बदल कळवला जातो, सहलीचे पैसे कधीपर्यंत भरायचे ते कळवलं जातं. या पहिल्या शिक्षकांना विचारलं मात्र फारसं काही जात नाही.

हे वाक्य कुणाच्या सौजन्यातून आलेलं नाही. पोप अकरावे पायस यांनी १९२९ च्या अखेरीस काढलेल्या शिक्षणविषयक परिपत्रकात मुलांना वाढवण्याचा कुटुंबाचा हक्क राज्यसंस्थेच्याही आधीचा मानला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडील हे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, आणि त्यांनी ही भूमिका सोडली तर ती भरून काढणं फार अवघड असतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. पुढे चर्चच्या कायद्याने, १९८३ च्या धर्मसंहितेने, याला नियमाचं रूप दिलं. तिचं ७९६ वं कलम म्हणतं की मुलांना वाढवण्याच्या कामात शाळा ही पालकांची मुख्य मदत आहे. पालकांनी शिक्षकांशी जवळचं सहकार्य करावं. शिक्षकांनीही पालकांना सोबत घेऊन काम करावं, त्यांचं म्हणणं मनापासून ऐकून घ्यावं. पालकांच्या संघटना आणि सभा सुरू कराव्यात आणि त्यांना मान द्यावा.

म्हणजे चर्चच्या स्वतःच्या नियमात घर आधी आणि शाळा त्याच्या मदतीला. प्रत्यक्षात शाळा आधी आणि घर तिच्या मदतीला, असं चित्र दिसतं. माझं म्हणणं असं की या भागीदारीची परीक्षा स्नेहसंमेलनात किंवा फादरांच्या वाढदिवसाला होत नाही. एखादी आई तक्रार घेऊन शाळेत येते, किंवा शिक्षिका एखाद्या मुलाबद्दल घरी नको ते सांगते, त्या दिवशी ती होते. आणि त्या दिवसाची तयारी करण्याची पहिली जबाबदारी शाळेवर आहे, कारण फाटकाची किल्ली तिच्याकडे आहे.

आज सहभाग म्हणून जे चालतं त्यात श्रमदान बरंच असतं. जत्रेच्या दिवशी स्टॉल लावा, नाताळच्या नाटकासाठी पंख शिवून द्या, निधी गोळा करा. यात वाईट काही नाही. अशा कामांतून माणसं एकमेकांना ओळखू लागतात, आणि पहिलीतल्या मुलाला आपली आई शाळेत खुर्च्या मांडताना दिसली की त्याला कोण आनंद होतो. पण याचा शिकण्याशी संबंध किती? इंग्लंडच्या शिक्षण खात्यासाठी चार्ल्स डेस्फोर्जेस यांनी २००३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. प्राथमिक वयात पालकांच्या सहभागातल्या फरकाचा परिणाम शाळांच्या दर्जातल्या फरकापेक्षा बराच मोठा असतो, हा त्यातला निष्कर्ष नेहमी सांगितला जातो. त्याच्या शेजारचा निष्कर्ष मात्र कमी सांगितला जातो: हा परिणाम प्रामुख्याने घरातल्या वागण्याबोलण्याचा होता, मुलाशी होणाऱ्या गप्पांचा आणि त्याच्याकडून ठेवलेल्या अपेक्षांचा. शाळेतल्या कार्यक्रमांना हजर राहण्याचं पारडं त्यामानाने हलकं होतं. तेव्हा जी आई दोन पाळ्यांत काम करते, एकाही सभेला येऊ शकत नाही, पण रात्री मुलीला ‘आज काय झालं सांग’ म्हणून जवळ घेते, ती शाळेची भागीदार आहे. हजेरीपटावर तिची नोंद ‘सहकार्य नाही’ अशी होते, ही शाळेची चूक.

पालकसभेकडे जरा जवळून पाहू. वर्गात छोट्या खुर्च्या असतात, त्यावर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतात. बाहेर रांग असते. बाईंच्या समोर गुणपत्रकांचा गठ्ठा असतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटं. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही. घरी जरा बघा.’ वडील मान डोलावतात, सही करतात. लक्ष कशात देत नाही, केव्हापासून, कुठल्या तासाला, शेजारी कोण बसतं, हे विचारायचं त्यांना सुचत नाही. सुचलं तरी मागची रांग दिसत असते. बाईंनाही विचारायचं राहून जातं की घरी तो कसा असतो, कशात रमतो, आजी गेल्यापासून झोपतो का नीट. सही झालेलं गुणपत्रक कपाटात जातं आणि सभा ‘उत्तम प्रतिसादात’ पार पडल्याचा अहवाल लिहिला जातो. मुलाबद्दल दोघांकडेही अर्धी-अर्धी माहिती होती. ती एकत्र आलीच नाही. बाई वाईट नाहीत, वडीलही बेफिकीर नाहीत. बैठकीची मांडणीच अशी की एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं.

शाळेचे कर्मचारी म्हणजे फक्त शिक्षक, असंही आपण धरून चालतो. पालकाला शाळा भेटते ती आधी फाटकावर आणि मग कार्यालयाच्या खिडकीत. तिथली बाई वर न बघता ‘सिस्टर मीटिंगमध्ये आहेत’ म्हणाली की पुढचं सगळं तिथेच ठरतं. उलट मूल रडत आलं की मधल्या सुट्टीत कुणाशी भांडलं होतं, हे अनेकदा शिपायाला किंवा आयाबाईंना ठाऊक असतं, वर्गशिक्षिकेला नसतं. पालकांशी कसं बोलावं याचं शिबिर घ्यायचं तर पहिलं आमंत्रण खिडकीतल्या माणसाला द्यायला हवं.

कॅथलिक शाळांचं वेगळेपण सांगताना अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन आणि थॉमस हॉफर यांच्या १९८७ च्या अभ्यासाचा हवाला हटकून दिला जातो. तिथल्या कॅथलिक माध्यमिक शाळांमधून मुलं मध्येच शाळा सोडून जाण्याचं प्रमाण कमी होतं. त्यांनी कारण दिलं ते असं की पालक, मुलं आणि शिक्षक एकाच धर्मग्रामात, म्हणजे एकाच चर्चभोवतीच्या समाजात, भेटतात, मुलाच्या मित्राचे आईवडील मुलाच्या आईवडिलांना ओळखतात, आणि त्यामुळे मुलांवर चहूबाजूंनी लक्ष राहतं. ऐकायला छान वाटतं, आणि त्यात तथ्य आहेच. पण १९९९ मध्ये मॉर्गन आणि सोरेनसेन यांनी तोच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा सरकारी शाळांमध्ये तरी पालकांच्या अशा घट्ट जाळ्याचा गणितातल्या प्रगतीला फायदा होताना दिसला नाही. सगळे सगळ्यांना ओळखतात एवढ्याने काम भागत नाही. ओळखीतून काय बोललं जातं, हे महत्त्वाचं. शिवाय आता बऱ्याच कुटुंबांची रविवारच्या मिस्सेनंतरची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतरची, अंगणातली भेट उरलेली नाही. तिची जागा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली आहे. तिथे सगळे पालक आहेत, शिक्षक नाहीत. गृहपाठ काय ते विचारता विचारता ‘त्या बाई नेहमीच असं करतात’पर्यंत गाडी कधी पोहोचते ते कळत नाही, आणि ज्यांच्याबद्दल चाललं आहे त्यांच्या कानावर ते तिसऱ्याकडून, तिखटमीठ लावून जातं. हे जाळं घट्ट आहे यात शंका नाही.

इथे पालकांच्याही पदरात माप टाकायला हवं. शिक्षकांची एक तक्रार खरी आहे. फी भरली म्हणजे सेवा विकत घेतली, अशा थाटात येणारे पालक वाढले आहेत. मुलाला रागावलं की दुसऱ्या दिवशी दोघं हजर, आणि तेही मुलासमोर आवाज चढवून. पोप फ्रान्सिस यांनी २० मे २०१५ रोजी रोमच्या सभेत याच विषयावर स्वतःची आठवण सांगितली होती. चौथीत असताना ते बाईंना वाईट शब्द बोलले. बाईंनी आईला बोलावलं. आई दुसऱ्या दिवशी आली, दोघी आधी आपसात बोलल्या, मग मुलाला बोलावलं. तू केलंस ते चूक होतं, हे आईने बाईंच्या समोर प्रेमाने समजावलं आणि माफी मागायला लावली. घरी गेल्यावर दुसरा अंक झाला, असं ते हसत म्हणाले. आज हेच घडलं तर उलट बाईंचीच हजेरी घेतली जाईल आणि कुटुंब व शाळा यांच्यातला करार तुटला आहे, हे त्यांचं पुढचं म्हणणं.

शाळांच्या व्यासपीठांवर ही गोष्ट पालकांना चार शब्द सुनावण्यासाठी सांगितली जाते. मला तिच्यातला मधला भाग मोलाचा वाटतो. दोघी आधी आपसात बोलल्या. मूल बाहेर होतं. आईला बाईंचं म्हणणं पूर्ण ऐकता आलं आणि बाईंनाही आईचं. मुलाला आत बोलावलं तोवर दोघींचं एकमत झालेलं होतं. बाईंनी डायरीत लाल शाईने शेरा मारून पाठवला नव्हता, की वर्गासमोर ‘उद्या आईला घेऊन ये’ असं धमकावलं नव्हतं. आपल्या शाळांनी या आठवणीतून काही उचलायचंच असेल तर हा क्रम उचलावा.

आणि ही आठवण एका प्रश्नाला हात लावत नाही: चूक शिक्षकाची असेल तर? मूल खरं सांगत असेल तर? कॅथलिक शाळेत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तो टाळल्याची फार मोठी किंमत मुलांनी मोजली आहे. ऑस्ट्रेलियात मुलांवरील लैंगिक अत्याचारांना संस्थांनी कसा प्रतिसाद दिला, याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या आयोगाने, २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षं काम केलं. त्यातलं मेलबर्नच्या डवटन या उपनगरातल्या कॅथलिक प्राथमिक शाळेचं प्रकरण प्रत्येक शाळा व्यवस्थापनाने वाचावं असं आहे. १९८० च्या दशकात तिथल्या धर्मगुरूच्या वागण्याबद्दल पालकांनी तक्रारी केल्या, शिक्षकांनीही केल्या. मुख्याध्यापकांनी अखेर १९८६ मध्ये राजीनामा दिला. १९८९ मध्ये शिक्षकांचं शिष्टमंडळ साहाय्यक बिशपांना जाऊन भेटलं. तो धर्मगुरू त्यानंतरही कित्येक वर्षं पदावर राहिला.

या प्रकरणात पालक आणि कर्मचारी एकाच बाजूला होते, हे विसरून चालणार नाही. त्यांच्यातली भागीदारी शाबूत होती. ऐकणारं वर कुणी नव्हतं. म्हणून ‘विश्वास ठेवा’ एवढ्या सांगण्यावर ही भागीदारी उभी राहत नाही. वर्गशिक्षिकेबद्दल तक्रार असेल तर कुणाकडे, मुख्याध्यापिकेबद्दल असेल तर कुणाकडे, आणि फादरांबद्दलच असेल तर धर्मग्रामाबाहेर कुणाकडे जायचं, हे लेखी आणि दर्शनी भागात लावलेलं हवं. उत्तर किती दिवसांत मिळेल तेही. त्या आयोगाने सुचवलेल्या बालसुरक्षेच्या दहा मानकांपैकी तिसरं मानक कुटुंबांना माहिती देणं आणि सहभागी करून घेणं हेच आहे. पालकसहभाग तिथे मुलांच्या सुरक्षिततेत मोजला आहे, जत्रेच्या स्टॉलमध्ये नाही. धर्मगुरूबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धेला धक्का, असं अजूनही ज्यांना वाटतं त्यांना ७९६ वं कलम पुन्हा वाचायला द्यावं.

श्रद्धेचा विषय निघालाच आहे तर ‘प्रथम ख्रिस्तप्रसादा’बद्दल, म्हणजे मूल चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेतं त्या विधीबद्दल, बोलू, कारण प्राथमिक शाळेच्या वर्षांतली ती सगळ्यात मोठी घटना. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने त्यासाठीचं वय साधारण सात वर्षांवर आणलं. त्या आदेशात मुलाला ख्रिस्तप्रसादासाठी पुढे आणण्याचा निर्णय वडिलांकडे किंवा त्यांच्या जागी असलेल्या व्यक्तीकडे, आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूकडे सोपवला होता. आज बहुतेक ठिकाणी इयत्ता ठरलेली असते, तारीख ठरलेली असते, प्रार्थना पाठ करून घ्यायचं काम वर्गशिक्षिकेकडे किंवा धर्मशिक्षणाच्या बाईंकडे असतं. पालकांकडे उरतो तो पांढरा पोशाख आणि जेवणाचा बेत. काही पालकांना हेच सोयीचं वाटतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शाळेनेही त्यांना कधी विचारलेलं नसतं की तुमचं मूल तयार आहे असं तुम्हाला वाटतं का, घरी तुम्ही प्रार्थना करता का, तुम्हालाच काही अडतं का. अनेक आईवडिलांचं स्वतःचं धर्मशिक्षण त्यांच्या लहानपणीच थांबलेलं असतं आणि मुलाच्या प्रश्नाला उत्तर येत नाही याची त्यांना लाज वाटते. त्यांच्यासाठी संध्याकाळी दोन-तीन मोकळ्या बैठका ठेवल्या, परीक्षा नाही, हजेरी नाही, तर शाळा खरोखर घराच्या मदतीला आली असं म्हणता येईल.

मग जे कॅथलिक नाहीत त्यांचं काय? १९६५ च्या जाहीरनाम्यात, विशेषतः जिथे चर्च नव्याने रुजलं आहे त्या प्रदेशांत, कॅथलिक नसलेले विद्यार्थीही ज्या शाळांत येतात त्या शाळा चर्चला फार प्रिय असल्याचं म्हटलं आहे. त्या मुलांचे पालकही पहिले शिक्षकच. प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या मुलाने काय करावं, धर्मशिक्षणाच्या तासाला ते कुठे बसेल, हे प्रवेशाच्या दिवशीच मोकळेपणाने बोललं तर पुढची बरीच कटकट वाचते. हे पालक बहुधा गप्प राहतात, आपण पाहुणे आहोत अशा भावनेने. गप्प आहेत म्हणजे समाधानी आहेत, असा सोयीचा अर्थ काढू नये.

कागदावर करार करून हे साधतं का? इंग्लंडने तो प्रयोग करून पाहिला. १९९८ च्या कायद्याने शाळांना घर आणि शाळा यांच्यातला करारनामा तयार करणं आणि त्यावर पालकांच्या सह्या मिळवण्याचा प्रयत्न करणं बंधनकारक केलं. पुढे २०१६ च्या सुरुवातीपासून हे बंधन काढून टाकलं गेलं. सही घेऊन फाइल करण्यापलीकडे त्यातून फारसं निघेल असं मला कधीच वाटलं नाही. पालकाच्या सहीचं आधीच अजीर्ण झालेलं आहे.

आयर्लंडने वेगळी वाट धरली, आणि तिथल्या बहुतांश प्राथमिक शाळा कॅथलिक आश्रयाखाली असल्यामुळे ती आपल्या विषयाला अगदी लागू पडते. वंचित वस्त्यांमधल्या ५५ प्राथमिक शाळांत १९९० मध्ये एक योजना सुरू झाली. शाळेतल्याच एका शिक्षकाला वर्गाच्या कामातून पूर्ण मोकळं करायचं आणि त्याने घरोघरी जायचं. तक्रार सांगायला नाही. ओळख करून घ्यायला, घराला काय हवं ते विचारायला, आणि ते परत येऊन सहकाऱ्यांना सांगायला. साधारण पाच वर्षांनी तो शिक्षक वर्गात परततो आणि दुसरा बाहेर पडतो. योजनेचं लक्ष मुलांपेक्षा मोठ्यांवर, त्यांच्या वृत्तीवर आणि वागण्यावर होतं. घरोघरी जाणाऱ्या माणसाला शाळेचा ‘कळविण्यात येते की’ लवकर विसरावा लागतो, कारण तो दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभा असतो आणि आत घ्यायचं की नाही हे त्या घराने ठरवायचं असतं.

या सगळ्यातली अडचण भावनेची कमी आणि वेळेची जास्त आहे. चाळीस मुलांच्या वर्गाची शिक्षिका शाळा सुटल्यावर वह्या तपासते, स्वतःच्या घरी जाते, आणि रात्री नऊला तिच्या फोनवर पालकांचे निरोप येत राहतात. तिच्याकडून आणखी ‘पालकसंवाद’ मागायचा तर तिच्या वेळापत्रकातून काहीतरी काढावं लागेल. व्यवस्थापन हे करत नाही आणि वर पालक सहकार्य करत नाहीत म्हणून हळहळतं. लहान शाळेला पूर्णवेळ शिक्षक मोकळा करणं परवडणार नाही, हे मान्य. पण मुख्याध्यापिकेने किंवा शाळेच्या व्यवस्थापक फादरांनी आठवड्यातून एक तास स्वतः वर्ग सांभाळला, तर तेवढ्या वेळात एका शिक्षिकेला दोन घरांशी रांगेची घाई न करता बोलता येतं. वर्षभरात वर्गातली बहुतेक घरं होतात. एवढ्यासाठी नवा निधी लागत नाही आणि बिशपांची परवानगीही.